घरबसल्या संशोधनाचा अनुभव : बारामती-इंदापूरच्या विद्यार्थ्यांपुढील एक वाट

नीरा डाव्या कालव्याने बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या शेतीचे रूप पालटले, हे सर्वविदित आहे. पाण्यापाठोपाठ ऊस आला, उसापाठोपाठ सहकारी साखर कारखाने उभे राहिले आणि त्यांच्या आगेमागे शिक्षणसंस्थाही या भागात रुजल्या. बारामतीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ मध्ये सुरू झाले. विद्या प्रतिष्ठान ही संस्था १९७२ मध्ये स्थापन झाली. इंदापूर येथेही कला, विज्ञान व वाणिज्य शाखांच्या उच्च शिक्षणाची सोय झाली. ज्या घरांतून दोन पिढ्यांपूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते, त्या घरांतील मुले-मुली आज पदव्युत्तर परीक्षा उत्तीर्ण होत आहेत आणि त्यांपैकी काहींच्या मनात परदेशी विद्यापीठात जाऊन पीएच.डी. करावी, अशी आकांक्षा निर्माण झाली आहे.

ही आकांक्षा स्वागतार्ह आहे. परंतु अर्ज भरण्याची वेळ येते तेव्हा यातील अनेक गुणवान विद्यार्थी एका प्रश्नापाशी अडतात. हा प्रश्न गुणांचा किंवा इंग्रजीचा नसतो. "आपण आजवर कोणते संशोधन केले आहे आणि ते करताना आपणांस कोणी पाहिले आहे?" हा तो प्रश्न होय. मोठ्या शहरातील नामांकित संस्थेत शिकणाऱ्या विद्यार्थ्यास प्रयोगशाळा, संशोधन करणारे प्राध्यापक व उन्हाळी प्रकल्प सहज उपलब्ध असतात. तालुक्याच्या ठिकाणी शिकणाऱ्याजवळ पुष्कळदा क्रमिक प्रयोगांची वही तेवढी असते. ही उणीव काही अंशी भरून काढण्याचा एक मार्ग गेल्या काही वर्षांत खुला झाला आहे. आपल्या गावी राहून, दूर असलेल्या संशोधकांच्या कामात स्वेच्छेने सहभागी होणे, हा तो मार्ग होय. त्याचे स्वरूप, त्यातील लाभ आणि धोके यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

निवड समिती काय पाहते?

प्रथम परदेशी विद्यापीठांची निवडपद्धती समजून घेणे आवश्यक आहे. अमेरिकेत पीएच.डी.चा अभ्यासक्रम साधारणतः पाच ते सहा वर्षांचा असतो. विज्ञान व अभियांत्रिकी शाखांत प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याचे शिक्षण शुल्क बहुधा विद्यापीठ सोसते आणि अध्यापनात किंवा संशोधनात साहाय्य करण्याच्या मोबदल्यात त्यास विद्यावेतनही देते. म्हणजे ज्या व्यक्तीस आपण कधी पाहिलेले नाही, तिच्यावर विद्यापीठास अनेक वर्षांचा खर्च करावयाचा असतो. जर्मनी, नेदरलँड्स यांसारख्या देशांत तर पीएच.डी.चा विद्यार्थी पुष्कळदा पगारी कर्मचारी म्हणूनच नेमला जातो. तेथे सामान्यतः एम.एस्सी. किंवा तत्सम पदवी आवश्यक असते आणि निवडीत भावी मार्गदर्शकाचे मत निर्णायक ठरते.

अशा स्थितीत निवड समिती गुणपत्रिकेपलीकडे पाहते, हे स्वाभाविकच आहे. परीक्षेतील प्रश्नांची उत्तरे कोणास तरी आधीच ठाऊक असतात. संशोधनात ती कोणासच ठाऊक नसतात. महिनोन्महिने उत्तर सापडत नसतानाही हा विद्यार्थी चिकाटीने काम करील काय, स्वतःची चूक स्वतः शोधील काय, इतरांबरोबर जुळवून घेईल काय, हे समितीस जाणून घ्यावयाचे असते. त्यासाठी ती प्रामुख्याने दोन कागद वाचते. पहिला म्हणजे उमेदवाराने लिहिलेले उद्देशपत्र आणि दुसरा म्हणजे शिफारसपत्रे, जी अमेरिकेत साधारणतः तीन मागितली जातात. "हा विद्यार्थी नियमित, आज्ञाधारक व सुस्वभावी आहे" एवढेच सांगणारे शिफारसपत्र कितीही सद्भावनेने लिहिले तरी त्याचा उपयोग होत नाही. "या विद्यार्थिनीने माझ्याबरोबर सात महिने काम केले, माहितीतील अमुक दोष तिने दाखवून दिला व तो दूर करण्याची रीतही सुचविली" असे सांगणारे पत्र समिती दोनदा वाचते. म्हणून स्वयंसेवी संशोधनातून मिळवावयाच्या गोष्टी दोनच आहेत : आपले काम जवळून पाहिलेली एक जाणकार व्यक्ती आणि कोणासही तपासून पाहता येईल असे पूर्ण केलेले एक काम. प्रमाणपत्राचे स्थान त्यानंतरचे आहे.

टपालाच्या काळातील उदाहरण

दूर राहून संशोधन करणे ही गोष्ट महाराष्ट्रास अगदीच नवीन नाही. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे नाशिकजवळ देवळाली येथे शाळेत शिक्षक होते. त्यांच्यापाशी पीएच.डी. नव्हती आणि ते कोणत्याही विद्यापीठात प्राध्यापक नव्हते. तथापि संख्यांच्या गुणधर्मांवरील आपले निष्कर्ष ते परिषदांत मांडीत आणि नियतकालिकांकडे पाठवीत. ६१७४ या संख्येचा विलक्षण गुणधर्म त्यांनी १९४९ मध्ये मांडला. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान वजा करावी आणि हीच क्रिया पुनःपुन्हा करावी. अधिकाधिक सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येते. ३५२४ घेतल्यास प्रथम ३०८७, नंतर ८३५२ आणि तिसऱ्या पायरीस ६१७४ मिळते. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकात कापरेकरांच्या कामाविषयी लिहिले आणि देवळालीच्या या शिक्षकाचे नाव जगभर पोहोचले.

कापरेकरांची प्रतिभा असामान्य होती. तिचे अनुकरण करा असे कोणास सांगता येणार नाही. मात्र त्यांची पद्धत अनुकरणीय आहे. जवळ असलेल्या साधनांत मावेल असा प्रश्न निवडणे, काम पूर्ण करून लिहून काढणे आणि ते जाणकारांपुढे तपासणीसाठी ठेवणे, ही ती पद्धत होय. आजच्या विद्यार्थ्याला टपालाची वाट पाहावी लागत नाही, एवढाच फरक.

आज कोणती कामे उपलब्ध आहेत?

आधुनिक विज्ञानात माहिती इतकी प्रचंड प्रमाणात जमा होते की, ती तपासण्यास संशोधकांचे हात अपुरे पडतात. त्यातून सामान्य नागरिकांच्या साहाय्याने संशोधन करण्याची पद्धत निघाली. 'गॅलेक्सी झू' हा प्रकल्प जुलै २००७ मध्ये सुरू झाला. त्यात सुमारे नऊ लाख दीर्घिकांच्या छायाचित्रांचे आकारानुसार वर्गीकरण करावयाचे होते. पहिल्याच वर्षी दीड लाखाहून अधिक लोकांनी पाच कोटींवर नोंदी केल्या. त्याच वर्षी हॅनी फान आर्केल या नेदरलँड्समधील शिक्षिकेस एका छायाचित्रात एक अनोळखी निळसर आकृती दिसली. तिने ती दुर्लक्षिली नाही, संशोधकांना विचारले. पुढे त्यावर प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात तिचे नाव सहलेखिका म्हणून छापले गेले. या प्रकल्पातून वाढलेल्या 'झूनिव्हर्स' या व्यासपीठावर आज खगोलशास्त्रापासून वन्यजीव व इतिहासापर्यंतची कामे आहेत आणि ती कोणासही विनाशुल्क करता येतात.

भारतातील उदाहरणेही लक्षणीय आहेत. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने २००८ मध्ये औषधशोधाचा एक खुला प्रकल्प हाती घेतला. त्याअंतर्गत देशभरातील शेकडो विद्यार्थ्यांनी आपापल्या ठिकाणी बसून क्षयरोगाच्या जिवाणूच्या सुमारे ४,००० जनुकांविषयी विखुरलेली माहिती वाचून, तपासून एकत्र केली. २०१० मध्ये ते काम जाहीर झाले. त्यासाठी विद्यार्थ्यांजवळ प्रयोगशाळा असण्याची गरज नव्हती. शोधनिबंध काळजीपूर्वक वाचण्याची तयारी तेवढी हवी होती.

दुसरे उदाहरण तर पुणे जिल्ह्याशीच निगडित आहे. जुन्नर तालुक्यात खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. पुण्याचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ती चालविते. या दुर्बिणीने मिळविलेल्या माहितीच्या आधारे डॉ. आनंद होता यांनी २०१३ मध्ये 'रॅड ॲट होम' हा नागरिक-विज्ञान प्रकल्प सुरू केला. विज्ञान किंवा अभियांत्रिकी शिकलेल्या तरुणांना रेडिओ, अवरक्त, दृश्य अशा विविध तरंगांतील प्रतिमा एकमेकींवर ठेवून वाचण्याचे शिक्षण त्यात दिले जाते. दुर्बिणीवर निरीक्षणासाठी वेळ मागण्याच्या प्रस्तावांतही असे निष्कर्ष उपयोगी पडले. सुमारे शंभर कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या 'रॅड-१२' या दीर्घिकेतून निघालेला झोत शेजारच्या दीर्घिकेवर आदळत असल्याचा निष्कर्ष या प्रकल्पाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. खोडदची दुर्बीण जी माहिती गोळा करते, ती इंदापूरच्या विद्यार्थ्यास आपल्या घरी अभ्यासता येते, ही सामान्य गोष्ट नव्हे.

मानव्यविद्यांचे विद्यार्थीही या वाटेपासून वंचित नाहीत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने २०१० मध्ये तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम यांच्या हस्तलिखितांचे वाचन करून ती मजकुरात उतरविण्याचे काम स्वयंसेवकांसाठी खुले केले. आपल्याकडे पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी लिपीतील अगणित कागद आहेत. इतिहासात पीएच.डी. करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने मोडी आत्मसात केली, तर परदेशी अभ्यासकासही हवेहवेसे वाटेल असे कौशल्य त्याच्यापाशी येते.

येथे एक भेद स्पष्ट करणे अगत्याचे आहे. फावल्या वेळात हजार छायाचित्रांवर खुणा करणे उपयुक्त असले, तरी त्याला संशोधनाचा अनुभव म्हणता येणार नाही. ती पहिली पायरी झाली. काम करताना मनात उठलेला प्रश्न संशोधकांपुढे मांडणे ही दुसरी पायरी आणि त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा एखादा भाग स्वतःकडे घेऊन तो पूर्ण करणे ही तिसरी. अर्जात उपयोगी पडते ते तिसऱ्या पायरीवरील काम.

आपले पाणी, आपली माती

दूरच्या प्रकल्पात सामील होत असतानाच स्वतःच्या परिसराकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहणे अधिक फलदायी ठरते. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि त्याचे पाणी इंदापूर तालुक्यातील भिगवण, कुंभारगाव, डाळज, पळसदेव या गावांच्या परिसरात पसरले. उथळ पाण्यात दरवर्षी अग्निपंख म्हणजेच रोहित पक्षी मोठ्या संख्येने येतात. हिमालय ओलांडून पट्टकादंब हंसही येतात. येथील मच्छीमार पक्षी ओळखण्यात इतके तरबेज झाले आहेत की, त्यांपैकी अनेकजण पर्यटकांचे मार्गदर्शक म्हणून काम करतात.

या पक्ष्यांची नियमित व शिस्तबद्ध गणना केल्यास ती जागतिक संशोधनाचा भाग होऊ शकते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिविज्ञान केंद्राने 'ई-बर्ड' ही नोंदव्यवस्था २००२ मध्ये सुरू केली. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अहवाल मुख्यतः याच व्यवस्थेतील नोंदींवर आधारलेला आहे. ३०,००० हून अधिक पक्षिनिरीक्षकांनी केलेल्या तीन कोटींवर नोंदींच्या आधारे त्यात ९४२ जातींचा विचार करण्यात आला. आशियाई पाणपक्षी गणनाही १९८७ पासून दरवर्षी जानेवारीत होत असते. समजा, इंदापूरच्या एखाद्या विद्यार्थिनीने पाणवठ्यावरील एकाच ठिकाणी, ठरावीक वेळी, वर्षभर दर आठवड्यास गणना केली. त्याबरोबर पाण्याची पातळी टिपली आणि दोहोंचा संबंध तपासणारे दहा पानांचे टिपण लिहिले. पर्यावरणशास्त्रातील परदेशी मार्गदर्शकापुढे ठेवण्यास ते टिपण पुरेसे आहे. तिच्याजवळ जे आहे ते महानगरातील विद्यार्थ्याजवळ असणार नाही.

बारामतीची मातीही अशीच बोलकी आहे. कालव्याच्या पाण्याने समृद्धी आणली, तशी काही ठिकाणी जमीन खारवटही केली. नीरा खोऱ्यातील या खारवट जमिनींचा अभ्यास पुणे कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच केला होता. दुष्काळ, उष्णता, क्षार यांमुळे पिकांवर पडणाऱ्या ताणाचा अभ्यास करणारी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची राष्ट्रीय संस्था २००९ पासून बारामती तालुक्यातील माळेगाव येथे आहे. बारामतीचे कृषी विज्ञान केंद्रही जवळच आहे. शिवाय उपग्रहांनी टिपलेल्या प्रतिमा आता विनामूल्य मिळतात. 'लँडसॅट' उपग्रहांचा १९७२ पासूनचा संग्रह २००८ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. युरोपचे 'सेंटिनेल-२' उपग्रह दहा मीटरपर्यंतचा तपशील दाखवितात. उजनीचा पाणपसारा वर्षानुवर्षे कसा बदलला किंवा उसाखालील क्षेत्र कसे सरकत गेले, याचा अभ्यास साध्या संगणकावर करता येतो. मुख्य म्हणजे, उपग्रहाच्या प्रतिमेत दिसणारे खरोखरच जमिनीवर आहे काय, हे शिवारात जाऊन पाहण्याची सोय येथील विद्यार्थ्यास आहे. परदेशातील संशोधकास नेमकी हीच अडचण असते आणि दोघांच्या सहकार्याचा पाया येथेच घातला जाऊ शकतो.

काम कसे मागावे?

संशोधकास पत्र पाठविण्यापूर्वी त्याचा निदान एक शोधनिबंध नीट वाचलेला असावा. पत्र दीडशे-दोनशे शब्दांचे पुरे. आपण कोण, त्या निबंधातील कोणत्या मुद्द्याविषयी आपणांस कुतूहल वाटले, आपणांस काय येते, आठवड्यास किती तास आणि किती महिने देता येतील, एवढेच त्यात लिहावे आणि एखादे लहानसे काम मागावे. सोबत एक पानी परिचय आणि स्वतः केलेल्या कामाचा एक नमुना जोडावा. स्तुतीची विशेषणे व घरच्या अडचणींचे वर्णन टाळावे. तेच पत्र शेकडो जणांस पाठविल्यास ते लगेच ओळखू येते. उत्तर न आल्यास दोन आठवड्यांनी एकदा स्मरण द्यावे, नंतर पुढे जावे. बहुतेक पत्रांस उत्तर येत नाही, हे गृहीत धरावे. त्यात अपमान नाही.

पत्र केवळ ख्यातनाम प्राध्यापकांसच लिहावे असे नाही. त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करणारे विद्यार्थी व नुकतीच पीएच.डी. मिळविलेले संशोधक यांना मदतीची अधिक गरज असते आणि शिकविण्यास त्यांच्यापाशी वेळही असतो. तसेच आरंभ परदेशापासूनच करण्याचे कारण नाही. शंभरेक किलोमीटरवर पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयुका, आयसर, भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, गोखले अर्थशास्त्र संस्था, डेक्कन कॉलेज यांसारख्या संस्था आहेत. येथील मार्गदर्शकाबरोबर दूरस्थ काम करताना प्रसंगी प्रत्यक्ष भेटही शक्य होते आणि त्याने लिहिलेले शिफारसपत्र परदेशातही मानले जाते.

यासाठी काही पूर्वतयारी आवश्यक आहे. विज्ञान व समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यास संख्याशास्त्राचे प्राथमिक ज्ञान आणि 'आर' किंवा 'पायथन' यांपैकी एक संगणकभाषा यावी. 'स्वयम्' व 'एनपीटेल' या शासकीय साहाय्याने चालणाऱ्या व्यवस्थांवर हे अभ्यासक्रम विनामूल्य शिकता येतात. परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल तरच शुल्क पडते. अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठांच्या अर्जांची मुदत डिसेंबरच्या सुमारास संपते व सत्र पुढील ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होते. म्हणून अर्जापूर्वी किमान वर्ष-दीड वर्ष कामास आरंभ झाला पाहिजे. ऑक्टोबरात काम मागून डिसेंबरात शिफारसपत्र मागणे व्यर्थ होय.

काम मिळाल्यावर पहिल्याच आठवड्यात चार गोष्टी लेखी ठरवून घ्याव्यात : काम नेमके कोणते, ते कधी संपावयाचे, तपासणार कोण आणि श्रेय कोणत्या स्वरूपात मिळणार. प्रत्येक सहभागी व्यक्ती शोधनिबंधाची लेखक होत नाही. सहलेखन, आभारात उल्लेख आणि केवळ शिफारसपत्र यांतील फरक आधीच समजलेला बरा. प्रत्येक दिवशी काय केले, काय चुकले, कोणता निर्णय का घेतला, याची दिनांकवार नोंदवही ठेवावी. पुढे उद्देशपत्र लिहिताना हीच वही कामी येते आणि शिफारसपत्र लिहिणाऱ्यासही तिचा आधार होतो.

सावधगिरीच्या गोष्टी

जेथे गरजू असतात तेथे त्यांना फसविणारेही असतात. पैसे भरा आणि संशोधनाचा अनुभव व प्रमाणपत्र मिळवा, पैसे भरा आणि शोधनिबंधावर नाव घाला, अशा जाहिराती आढळतात. विकत घेतलेले प्रमाणपत्र निवड समितीपुढे टिकत नाही. विकत घेतलेले लेखकत्व तर उघड अप्रामाणिकपणा आहे आणि ते उघडकीस आल्यास कारकीर्दच धोक्यात येते. पैसे घेऊन, न तपासता काहीही छापणाऱ्या नियतकालिकांपासूनही दूर राहावे. विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रमाणित नियतकालिकांची 'केअर' यादी २०२५ मध्ये बंद केली. त्यामुळे नियतकालिकाची पारख करण्याची जबाबदारी आता महाविद्यालये व अध्यापक यांच्यावर अधिक आहे.

दुसरी बाब कायद्याची आहे. जैवविविधता कायदा, २००२ अन्वये वनस्पती, कीटक, सूक्ष्मजीव यांसारखी जैविक सामग्री संशोधनासाठी परदेशी व्यक्तीस वा संस्थेस देण्यापूर्वी सामान्यतः राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मान्यता लागते. उत्साहाच्या भरात एखाद्या विद्यार्थ्याने बियाणे वा मातीतील जिवाणूंचा नमुना टपालाने परदेशी पाठविल्यास तो अडचणीत येऊ शकतो. प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत याच कायद्यान्वये जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. गावच्या हद्दीत अभ्यास करावयाचा असल्यास विद्यार्थ्याने या समितीस कल्पना द्यावी. ग्रामस्थांच्या मुलाखती घेतल्यास त्यांची संमती घ्यावी आणि निष्कर्ष त्यांना मराठीत सांगावेत.

तिसरी बाब न्यायाची आहे. विनावेतन काम करणे सर्वांनाच परवडत नाही. ज्या मुलीस शेतीत राबून शिकावे लागते, तिच्याकडून आठवड्यास वीस तासांची अपेक्षा करणे अन्यायाचे होय. आठवड्यास पाच-सहा तास, सहा महिने, आणि एक सुस्पष्ट काम, एवढी मर्यादा घालून घेणे सर्वांच्याच हिताचे आहे. जो मार्गदर्शक काम घेतो पण शिकवीत नाही, त्याचा निरोप नम्रपणे घ्यावा.

शाळा, महाविद्यालय आणि पंचायत

या कार्यात शिक्षकांची भूमिका मोलाची आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नुसार चार वर्षांच्या पदवीत चौथे वर्ष संशोधनास देण्याची तरतूद झाली आहे. या प्रकल्पासाठी महाविद्यालयातील मार्गदर्शकाबरोबर बाहेरील संशोधन संस्थेतील एक सहमार्गदर्शक जोडला गेला, तर विद्यार्थ्याचे स्वयंसेवी काम अभ्यासक्रमाचाच भाग बनेल आणि त्यासाठी त्यास वेगळा वेळ काढावा लागणार नाही. शिफारसपत्र लिहिताना अध्यापकांनी विशेषणांऐवजी प्रसंग लिहावेत : विद्यार्थ्याने काय केले, कोणता प्रश्न विचारला, कोठे अडला आणि त्यातून मार्ग कसा काढला. माध्यमिक शाळेतही वृक्षांच्या पालवीच्या, पावसाच्या किंवा पक्ष्यांच्या नियमित नोंदी ठेवण्याची सवय लावता येईल. संशोधकाची पहिली ओळख नोंदीच्या सवयीतूनच होते.

ग्रामपंचायतींनाही बरेच काही करण्यासारखे आहे. ज्या पंचायतीत भारतनेटची जोडणी पोहोचली आहे, तेथे सायंकाळी दोन तास एक खोली, एक संगणक व अखंड वीज यांची सोय केल्यास ती गावातील विद्यार्थ्यांची अभ्यासिका होऊ शकेल. सार्वजनिक ग्रंथालयांनाही हे काम हाती घेता येईल. विहिरींच्या पाणीपातळीच्या, पीकपाण्याच्या जुन्या नोंदी पंचायतीपाशी असल्यास त्या अभ्यासासाठी उपलब्ध करून द्याव्यात. त्यावर होणाऱ्या अभ्यासाचा लाभ अखेर गावासच मिळतो. अधिकाऱ्यांनी शिष्यवृत्त्यांची माहिती वेळेवर पोहोचवावी. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्र शासनाचीही राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे आणि इतर प्रवर्गांसाठीही योजना आहेत. परंतु या योजनांचा लाभ घेण्यासाठी आधी प्रवेश मिळावा लागतो आणि प्रवेशासाठी संशोधनाचा अनुभव लागतो. या साखळीतील पहिला दुवा गावातच जोडला गेला नाही, तर शेवटची तरतूद कागदावरच राहण्याचा संभव असतो.

या वाटेने गेलेल्या प्रत्येकास परदेशी प्रवेश मिळेलच असे नाही. पण ज्याने वर्षभर उजनीच्या काठी पक्षी मोजले, खारवट जमिनीचा नकाशा तयार केला किंवा मोडीतील शंभर कागद वाचले, त्याचे श्रम वाया जात नाहीत. तो विद्यार्थी पुढे शिक्षक झाला, कृषी अधिकारी झाला अथवा गावाचा सरपंच झाला, तरी पुराव्यावाचून बोलावयाचे नाही ही शिस्त त्याच्या अंगी राहते. बारामती आणि इंदापूरच्या शिवारात पाणी पोहोचविण्यास अनेक वर्षे लागली. संशोधनाची ही दृष्टी तेथील प्रत्येक होतकरू विद्यार्थ्यापर्यंत पोहोचविण्यास तितका काळ लागण्याचे कारण नाही. मात्र त्यासाठी शाळा, महाविद्यालय आणि पंचायत यांनी आपापला वाटा उचलला पाहिजे.